अल्डिहाइडचं अल्केन करणारा जीवाणूंचा एन्झाइम : चुकलेलं नाव आणि नजरेआड राहिलेला ऑक्सिजन

कर्बशृंखला

जैवइंधनाच्या दुसऱ्या धाग्यावर एका प्रतिसादात वाचलं की सायनोबॅक्टेरिया (जुन्या नावाने नील-हरित शैवाल) अल्डिहाइडमधून, म्हणजे टोकाला कार्बन-ऑक्सिजनचा कार्बोनिल गट असलेल्या रेणूतून, कार्बन मोनॉक्साइड काढून टाकतात आणि डिझेलसारखं अल्केन, म्हणजे नुसत्या कार्बन-हायड्रोजनची साखळी, बनवतात. तिथेच एका ओळीत दुरुस्ती लिहायला घेतली, पण ती ओळ लांबत गेली, म्हणून हा वेगळा धागा. पीएचडीची जवळजवळ सगळी वर्षं मी या एकाच एन्झाइमच्या संगतीत काढली आहेत. त्याच्याबद्दल अर्धवट माहिती फिरताना दिसली की राहवत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. पेशीतली मेदाम्लं दोन-दोन कार्बन जोडत तयार होतात, त्यामुळे साखळीत बहुधा सम संख्येने कार्बन असतात, म्हणजे १६ किंवा १८. सायनोबॅक्टेरियात सापडणारी अल्केन्स मात्र विषम असतात : १५ कार्बनचं पेंटाडेकेन आणि १७ कार्बनचं हेप्टाडेकेन. ही अल्केन्स १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून माहीत होती. कुठेतरी एक कार्बन गळतो हे उघड होतं. पण तो गाळणारं जनुक कोणतं, हे कळायला २०१० उजाडलं.

ते सापडलं कसं, हे मला फार आवडतं. एलएस९ या कंपनीतल्या शर्मर आणि सहकाऱ्यांनी सायनोबॅक्टेरियाचे ११ वाण घेतले. त्यातले १० अल्केन बनवत होते, एक बनवत नव्हता. मग दहांमध्ये असलेली आणि अकराव्यात नसलेली जनुकं संगणकावर वेगळी काढली. हाती राहिलेल्या मोजक्या जनुकांत दोन अशी होती की जीनोममध्ये ती एकमेकांना लागूनच बसलेली. ती दोन्ही ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जीवाणूत घातल्यावर १३ ते १७ कार्बनची अल्केन्स आणि अल्कीन्स (दुहेरी बंध असलेल्या साखळ्या) तयार झाली, आणि त्यातली बरीचशी पेशीबाहेर आली. अख्खा जैवरासायनिक मार्ग दोन जनुकांत आटोपतो!

पहिला एन्झाइम वाहक प्रथिनाला जोडलेल्या मेदाम्लाचं एनएडीपीएच (पेशीत इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू) वापरून अल्डिहाइड करतो. दुसरा त्या अल्डिहाइडचा टोकाचा कार्बन तोडतो आणि अल्केन मोकळं करतो. माझा धागा या दुसऱ्याबद्दल आहे.

त्याला सुरुवातीला 'अल्डिहाइड डीकार्बोनिलेज' म्हटलं गेलं. कार्बोनिल गट निघून जातो, तर तो कार्बन मोनॉक्साइड होऊनच जात असणार, असा तो अंदाज होता. तो हवेतून आलेला नव्हता. वनस्पती आणि शैवालावर कोलाट्टुकुडी यांच्या गटाने आधी केलेल्या कामात कार्बन मोनॉक्साइडच दिसला होता. पण २०११ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या गटाने सायनोबॅक्टेरियाच्या एन्झाइमचं उत्पादन नीट मोजलं, आणि गळालेला कार्बन फॉर्मेटच्या, म्हणजे फॉर्मिक आम्लाच्या ऋणायनाच्या, रूपात मिळाला. अल्डिहाइडवरचा हायड्रोजन त्या फॉर्मेटवर जसाच्या तसा होता. अल्केनच्या टोकाला नव्याने बसलेला हायड्रोजन पाण्यातून आला होता.

आता ही अभिक्रिया कागदावर मांडून बघा. अल्डिहाइड अधिक पाणी, त्यापासून अल्केन अधिक फॉर्मिक आम्ल. दोन्ही बाजू जुळतात, ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन जाणं) नाही की क्षपण (इलेक्ट्रॉन येणं) नाही. साधं जलअपघटन वाटावं असं समीकरण. आणि तरीही त्याच वर्षी दिसून आलं की प्रत्येक फेरीला या एन्झाइमला ऑक्सिजनचा एक रेणू आणि चार इलेक्ट्रॉन लागतात. जड ऑक्सिजन-१८ वायू दिला तर त्याचा एक अणू फॉर्मेटमध्ये सापडतो.

पाण्याने भागेल असं समीकरण असताना निसर्ग ऑक्सिजन आणि चार इलेक्ट्रॉन का खर्च करतो? माझ्यासाठी या विषयातला खरा प्रश्न हा आहे. यावर चर्चा व्हावी अशी इच्छा आहे. एन्झाइमचं सुधारलेलं नाव 'अल्डिहाइड डीफॉर्मिलेटिंग ऑक्सिजनेज', म्हणजे एडीओ. यापुढे तेच वापरते.

निळेपाणी

छान लिहिलंय, वाचनखूण साठवली. एक शंका. ते चार इलेक्ट्रॉन शेवटी जातात कुठे? अल्केनमध्ये नाहीत, फॉर्मेटमध्ये नाहीत, असं तुमच्याच समीकरणावरून दिसतं.

कर्बशृंखला

पाण्यात. ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू. एक फॉर्मेटमध्ये जातो, दुसरा पाणी होऊन बाहेर पडतो. पूर्ण हिशेब असा : अल्डिहाइड, ऑक्सिजन, चार इलेक्ट्रॉन आणि तीन प्रोटॉन आत, अल्केन, फॉर्मेट आणि पाणी बाहेर. ऑक्सिजनच्या क्षपणाला जे चार इलेक्ट्रॉन लागतात, तेच हे. अल्डिहाइड ते अल्केन या प्रवासाच्या निव्वळ हिशेबात त्यांचा मागमूस राहत नाही, म्हणून ज्यांनी हे शोधलं त्यांनी याला 'गूढ रेडॉक्स', म्हणजे इलेक्ट्रॉनची छुपी देवघेव, अशा अर्थाचं नाव दिलं.

बंधकोन

मी सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून 'का' या प्रश्नाला हात घालतो.

पाण्याने हे काम का होत नाही ते बघू. पाणी किंवा हायड्रॉक्साइड अल्डिहाइडच्या कार्बनवर चढेल, ते सोपं आहे. पुढे कार्बन-कार्बन बंध तुटायचा तर त्यातली इलेक्ट्रॉनची जोडी घेऊन अल्काइल साखळीला निघावं लागेल, म्हणजे कार्बऋणायन व्हावं लागेल. साध्या अल्केनचा पीकेए (जितका जास्त, तितका प्रोटॉन सोडणं कठीण) ५०च्या आसपास असतो. इतकं अस्थिर ऋणायन पाण्याच्या शेजारी जन्माला घालणं ही जवळजवळ अशक्य गोष्ट. क्लोरोफॉर्मसारखा गट निघून जाऊ शकतो (हॅलोफॉर्म अभिक्रिया आठवा), कारण तीन क्लोरीन तो ऋणभार सांभाळतात. इथे नुसती मेणचट साखळी आहे, भार सांभाळायला कोणी नाही.

म्हणून बंध मधोमध तोडायचा, एक इलेक्ट्रॉन इकडे आणि एक तिकडे. म्हणजे मुक्त मूलक, रॅडिकल. त्यासाठी ऑक्सिजन-ऑक्सिजन हा कमकुवत बंध हाताशी असला की काम होतं. एडीओच्या गाभ्यात दोन लोह अणू आहेत. दोन्ही क्षपित अवस्थेत असताना ऑक्सिजन येऊन त्यांच्यावर पेरॉक्साइडच्या रूपात बसतो. हे पेरॉक्साइड अल्डिहाइडच्या कार्बनवर चढतं आणि पेरॉक्सीहेमिअ‍ॅसिटल तयार होतं, अशी आजची मांडणी आहे. मग आणखी एक इलेक्ट्रॉन आला की ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध तुटतो, ऑक्सिजनवर रॅडिकल उरतं, आणि ते शेजारचा कार्बन-कार्बन बंध तोडून फॉर्मेट होतं. फॉर्मेट स्थिर असल्यामुळे ही पायरी उताराची आहे. उरलेलं अल्काइल रॅडिकल शेवटचा इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन घेऊन अल्केन होतं.

म्हणजे ऑक्सिजन इथे ऑक्सिडीकरणासाठी आलेलाच नाही. बंध तोडणारी पाचर म्हणून आला आहे.

कर्बशृंखला

बंधकोन सर, मनापासून आभार. इतकं स्वच्छ मला जमलं नसतं. रॅडिकलचा पुरावाही सांगते. मिशिगन विद्यापीठात मार्श यांच्या गटाने अल्डिहाइडजवळ तीन कार्बनचं कडं असलेला रेणू एन्झाइमला दिला. शेजारी रॅडिकल तयार झालं तर असं कडं क्षणार्धात उघडतं, म्हणून त्याला 'रॅडिकल घड्याळ' म्हणतात. उत्पादनात कडं उघडून झालेलं अल्कीन मिळालं.

पेरॉक्साइडची पायरीसुद्धा नुसती कल्पना नाही. इलेक्ट्रॉन पुरवणारं काही न घालता फक्त क्षपित एन्झाइम, अल्डिहाइड आणि ऑक्सिजन एकत्र केले की अभिक्रिया त्या टप्प्यावर अडून राहते आणि लोहाची अवस्था दाखवणाऱ्या मोसबावर वर्णपटात दोन लोहांवरचं पेरॉक्साइड दिसतं. आणि यातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट : अल्डिहाइड जागेवर बसल्याशिवाय ऑक्सिजन लोहाला नीटसा लागतच नाही. आधी काम समोर, मग हत्यार हातात.

तृणांकुर

नील-हरित शैवालाबद्दल इतकं माहीत नव्हतं. शैवाल म्हणजे वनस्पतीच ना, मग शीर्षकात जीवाणू का?

निळेपाणी

जुनं मराठी नाव नील-हरित शैवाल असलं तरी सायनोबॅक्टेरिया हे जीवाणूच आहेत, त्यांना केंद्रक नसतं. खऱ्या शैवालांत अल्केन बनवायची वेगळी तऱ्हा आहे, ती कर्बशृंखला सांगतीलच.

साक्षेपी

लेख आवडला, पण एक आक्षेप नोंदवतो. हा एन्झाइम ऑक्सिजनशिवाय चालतो असं सांगणारे शोधनिबंधही २०११ मध्येच आले होते, आणि चांगल्या नियतकालिकांत. ते तुम्ही उल्लेखलेले नाहीत. एकाच बाजूचा निष्कर्ष सिद्ध म्हणून मांडणं मला पटत नाही.

कर्बशृंखला

रास्त आक्षेप आहे, ते लिहायला हवं होतं. ज्या मार्श यांच्या गटाचा मी वर गौरवाने उल्लेख केला, त्यांनीच सुरुवातीला ऑक्सिजनविरहित अभिक्रिया नोंदवली होती. त्यांना ऑक्सिजन नसलेल्या पेटीत अल्केन मिळालं होतं, आणि ते खरोखरच मिळालं होतं. प्रश्न त्याच्या अर्थाचा होता.

हे मी स्वतः हाताने अनुभवलं आहे, म्हणून सविस्तर सांगते. एडीओ कमालीचा संथ आहे. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या परिस्थितीत एका मिनिटाला जेमतेम एक फेरी, बऱ्याचदा तेवढीही नाही. त्यामुळे प्रयोगात एन्झाइम भरपूर घालावा लागतो आणि उत्पादन मोजायला तास तास थांबावं लागतं. इतक्या संथ अभिक्रियेला ऑक्सिजन लागतो तरी किती? अगदी थोडा. नायट्रोजनच्या पेटीत रबराच्या बुचातून, प्लास्टिकच्या नळीतून, नीट वायुमुक्त न केलेल्या द्रावणातून तेवढा सहज येतो. मी पहिल्या वर्षी 'ऑक्सिजनविरहित' म्हणून केलेल्या प्रयोगांत दर वेळी थोडं हेप्टाडेकेन दिसायचं. मार्गदर्शकांना दाखवलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, द्रावणातला ऑक्सिजन मोजलास का? मोजला नव्हता. पुढे काचेची भांडी, दीर्घ वायुमुक्तीकरण आणि उरलेला ऑक्सिजन खाऊन टाकणारा एन्झाइम असं सगळं वापरलं, आणि आलेखावरचं हेप्टाडेकेनचं शिखर नाहीसं झालं. त्या दिवशी संध्याकाळी मी रिकामा आलेख कितीतरी वेळ बघत बसले होते.

प्रकाशित पुराव्यांतही तसंच झालं. ऑक्सिजन कसोशीने काढला की फेऱ्या थांबतात, पुन्हा सोडला की सुरू होतात, आणि त्याचा अणू फॉर्मेटमध्ये जातो. मार्श यांच्या गटाचं नंतरचं कामही ऑक्सिजन लागतो हे धरूनच आहे. याला मी एका बाजूचा विजय म्हणणार नाही. दोन्ही गटांनी एकमेकांचे प्रयोग गांभीर्याने घेतले, म्हणून दोनएक वर्षांत निकाल लागला.

साक्षेपी

धन्यवाद, आता पटलं. 'खरोखरच मिळालं होतं, प्रश्न अर्थाचा होता' हे लक्षात ठेवीन.

गतिचक्र

मी यांत्रिकी अभियंता, इंधन हाच माझा विषय. १३ ते १७ कार्बन म्हणजे थेट डिझेलच्या पट्ट्यात बसणारं. इंजिनात बदल नको, पाण्यात मिसळत नाही, वर तरंगेल, वेगळं काढणं सोपं. मग २०१० नंतर इतकी वर्षं झाली तरी पंपावर का दिसत नाही?

कर्बशृंखला

कारण मुख्यतः हा एन्झाइमच. २०१०च्या कामात ई. कोलायमधून दर लिटरला सुमारे ०.३ ग्रॅम हायड्रोकार्बन मिळालं होतं. शोध म्हणून थक्क करणारं, इंधन म्हणून नगण्य.

संथपणाबद्दल वर लिहिलंच. दुसरी अडचण अशी की अल्डिहाइड पेशीत एकटं नसतं. ई. कोलायमध्ये अल्डिहाइडचं अल्कोहोल करणारे एन्झाइम भरपूर आहेत आणि ते एडीओपेक्षा कितीतरी चपळ. एडीओची पाळी येईपर्यंत बराच माल दुसरीकडे गेलेला असतो. सायनोबॅक्टेरियात पहिला एन्झाइम एडीओला घट्ट चिकटून बसतो आणि अल्डिहाइड हातोहात पुढे देतो, असं रचनांवरून दिसतं. उसन्या पेशीत ही जोडी तितकी जमतेच असं नाही.

तिसरी अडचण मला सर्वांत रंजक वाटते. इलेक्ट्रॉन पुरवठा अल्डिहाइडशी जुळला नाही तर ऑक्सिजनपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, आणि ते एडीओलाच बंद पाडतं. ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत शँकलिन यांच्या गटाने २०१३ मध्ये यावर उपाय केला : एडीओला कॅटलेज हे प्रथिन जोडून एकच लांब प्रथिन बनवलं. कॅटलेज पेरॉक्साइड फोडतं आणि त्यातून ऑक्सिजन निघतो, म्हणजे एडीओचा घातक कचरा त्याच्याच कच्च्या मालात बदलतो. मी स्वतः साधं कॅटलेज वेगळं घालून काम भागवायची. त्याआधी माझा एन्झाइम दहा मिनिटांत मरायचा आणि मी शुद्धीकरणाला दोष देत राहायची.

गतिचक्र

म्हणजे अडचण गतीची आणि इलेक्ट्रॉनच्या खर्चाची. एन्झाइमच बदलला तर? वर 'खऱ्या शैवालांत वेगळी तऱ्हा' असं कोणीतरी म्हटलं होतं, त्याबद्दल सांगा.

बंधकोन

त्याचं उत्तर मी देतो, कारण २०१७ मध्ये तो निबंध वाचून वर्गात तासाचा विषय बदलला होता. फ्रान्समधल्या गटाला क्लोरेला या हरित शैवालात मेदाम्लाचं थेट अल्केन करणारा एन्झाइम सापडला. अल्डिहाइडची पायरीच नाही. कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि लागतो तो निळा प्रकाश. प्रकाशाचा कण शोषून फ्लेविन गट मेदाम्लाचा एक इलेक्ट्रॉन ओढून घेतो, साखळी तुटते, मग तो इलेक्ट्रॉन परत मिळतो. बाहेरून इलेक्ट्रॉनचा एक दमडीचा खर्च नाही. गतीही एडीओपेक्षा खूप जास्त. उणीव एवढीच की प्रखर निळ्या प्रकाशात तो स्वतःही खराब होतो.

बंध तोडायला पुन्हा रॅडिकलच लागलं, हे मात्र बघण्यासारखं.

मेणपंख

कीटकांबद्दल थोडं भर घालते, माझं काम त्यांच्यावर आहे. कीटकांच्या अंगावर हायड्रोकार्बनचा पातळ थर असतो, त्यामुळे ते वाळून मरत नाहीत. तेही अल्डिहाइडपासूनच बनतं. पण तिथे एडीओ नाही, सायटोक्रोम पी४५० कुळातला एन्झाइम आहे. एकच लोह, हीमच्या कड्यात बसवलेलं. ऑक्सिजन आणि एनएडीपीएच तिथेही लागतात, मात्र कार्बन निघतो तो कार्बन डायऑक्साइड होऊन. २०१२ मध्ये फळमाशीत तो नेमका कोणता ते कळलं. फळमाशीत त्याचं काम दाबलं की माशा कोरड्या हवेत भराभर मरतात.

म्हणजे एकाच अल्डिहाइडचा कार्बन जीवाणूत फॉर्मेट होतो, माशीत कार्बन डायऑक्साइड. एका नावाखाली दोघांना घातल्याने किती गोंधळ झाला असेल!

तृणांकुर

माझा प्रश्न वेगळा. इतका खर्च करून जीवाणू हे बनवतो कशाला? आपल्या गाडीसाठी तर नक्कीच नाही.

निळेपाणी

यावर मी थोडं वाचलंय. डेव्हिड ली-स्मिथ आणि सहकाऱ्यांनी अल्केन बनवणारी जनुकं काढून टाकलेले सायनोबॅक्टेरिया तयार केले. ते जगले, पण वाढ मंदावली, पेशींचा आकार बिघडला आणि विभाजन नीट होईना. प्रकाशसंश्लेषण करणारी पटलं पेशीत वळसे घेत असतात. अल्केन त्या पटलांच्या दोन थरांमध्ये शिरून त्यांना लवचीक ठेवतं, असं त्यांचं म्हणणं.

आणि प्रमाण बघा. त्याच गटाच्या २०१५च्या अंदाजानुसार समुद्रातले प्रोक्लोरोकॉकस आणि सिनेकोकॉकस हे सायनोबॅक्टेरिया मिळून वर्षाला ३०.८ ते ७७.१ कोटी टन हायड्रोकार्बन बनवतात. ते साठून राहत नाही, कारण अल्केन खाणारे जीवाणू तिथेच असतात. तेलगळती झाल्यावर जे जीवाणू झपाट्याने वाढतात, त्यांना एरवी तग धरायला याचाच आधार मिळत असावा.

कर्बशृंखला

यात एक जोड. शर्मर यांच्या यादीतला तो अकरावा वाण, पीसीसी ७००२, खरं तर हायड्रोकार्बन बनवत होता! अल्केन नव्हे, टोकाला दुहेरी बंध असलेलं अल्कीन, आणि तेही पूर्णपणे वेगळ्या एन्झाइमने. २०११ मध्ये ते जनुक सापडलं. पुढे पुष्कळ सायनोबॅक्टेरिया तपासले गेले तेव्हा दिसलं की प्रत्येकात या दोनपैकी एक मार्ग असतो, दोन्ही एकत्र नसतात. म्हणजे हायड्रोकार्बनशिवाय त्यांचं भागत नाही, हे निळेपाणी यांच्या मुद्द्याला धरूनच आहे.

नवांकित

ताई, मी एमएस्सीच्या प्रकल्पासाठी एडीओ घेतला आहे. हेप्टाडेकेन दिसतंय, पण फॉर्मेट मोजताना एन्झाइम न घातलेल्या नमुन्यातही तितकंच फॉर्मेट येतंय. तीन आठवडे झाले. एन्झाइम खरंच काही करतोय का, हेच कळेनासं झालंय.

कर्बशृंखला

करतोय, हेप्टाडेकेन दिसतंय ना! फॉर्मेट सगळीकडे असतं : बफरमध्ये, द्रावकांत, प्लास्टिकच्या नळ्यांत. साध्या अल्डिहाइडने तो गोंधळ सुटणार नाही. पहिल्या कार्बनवर ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) असलेलं ऑक्टाडेकॅनल, म्हणजे १८ कार्बनचं अल्डिहाइड, मिळव किंवा बनवून घे. तो ड्यूटेरियम फॉर्मेटवरच राहतो, त्यामुळे तुझं फॉर्मेट वस्तुमानात एकाने जड येईल आणि बाकीचं पार्श्वभूमीचं म्हणून बाजूला काढता येईल. फॉर्मेट मोजायच्या आधी नायट्रोफेनिलहायड्रॅझिनशी जोडून घेतलंस तर वस्तुमानमापकावर स्पष्ट दिसतं.

मग उलटा प्रयोग कर. साधं अल्डिहाइड, पण जड पाण्यात. हेप्टाडेकेनचं शिखर वस्तुमान २४० वरून २४१ कडे सरकायला हवं. पूर्ण नाही सरकलं तर घाबरू नकोस, एन्झाइमबरोबर आणि साठवणीच्या द्रावणांबरोबर साधं पाणी थोडं येतंच. ऑक्टाडेकॅनल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून डिटर्जंट किंवा डायमिथाइल सल्फॉक्साइड किती घातलंस ते दर वेळी वहीत लिही. आणि कॅटलेज पहिल्या दिवसापासून घाल.

नवांकित

कॅटलेज घातलंच नव्हतं. उद्या सकाळी आधी तेच करते, आलेख इथे टाकते.